शियांगशंग म्हणजे चिनी स्टँडअप का? आणि बीजिंग-तियानजिनला नेमकं काय बघावं?

प्रश्न थोडक्यात असा: चिनीची एचएसके (चिनी भाषेची प्रमाणित परीक्षा) चौथी पातळी झाली आहे, बीजिंग आणि तियानजिनला जायचं ठरतंय. यूट्यूबवर शियांगशंगचे, म्हणजे टेबलामागे उभं राहून करायच्या चिनी विनोदी संवादाचे, बरेच व्हिडिओ पाहिले, शब्द कळले, पण लोक का हसतात ते कळलं नाही. हे चिनी स्टँडअपच आहे का? जुनं कथाकथन आणि कसरती यांतलं काय बघण्यासारखं आहे? ऐकायला सुरुवात कुठून करावी?

मी बीजिंगला शिकत असताना एका गुरुजींकडे शियांगशंग शिकलो. हौशी मंडळींबरोबर आजही अधूनमधून टेबलामागे उभा राहतो. पोटापाण्यासाठी पुण्यात चिनी शिकवतो, त्यामुळे तुमचा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

स्टँडअप नव्हे. सारखं वाटतं, कारण एक-दोघं उभे राहून बोलतात आणि लोक हसतात. पण स्टँडअपवाला स्वतःबद्दल बोलतो, मजकूर त्याचा स्वतःचा असतो आणि तोच विनोद पुढच्या वर्षी केला तर लोक नावं ठेवतात. शियांगशंगमधले कितीतरी खेळ शंभर वर्षांपासून चालत आलेले आहेत. पुढच्या रांगेतल्या आजोबांना ते तोंडपाठ असतात. आज हा पोरगा तो खेळ कसा करतो, हे बघायला आजोबा येतात. चीनमध्ये स्टँडअपही जोरात आहे, त्याला तिकडे थुओखौश्यू म्हणतात. तो धंदा वेगळा आणि त्याचा प्रेक्षकही बराचसा वेगळा.

हसू का येत नाही हे समजून घ्यायचं तर आधी जागा समजून घ्यायला हवी. शियांगशंगवाले, पिंगशू सांगणारे कथेकरी, ढोलावर गाणारे, कुस्तीचे डाव दाखवणारे, डोक्यावर रांजण झेलणारे, हे सगळे एकाच धुळीतून वर आलेले लोक आहेत. बीजिंगच्या छियानमन वेशीच्या दक्षिणेला तियानछियाओ नावाचा भाग आहे. सम्राट स्वर्गमंदिरात पूजेला जाताना तिथला पूल ओलांडायचा, त्यावरून ते नाव पडलं. छिंग राजवटीच्या उत्तरार्धापासून तिथे बाजार भरू लागला आणि बाजाराबरोबर खेळ आले. छप्पर नाही, तिकीट नाही. कलाकार पांढऱ्या भुकटीने जमिनीवर वर्तुळ काढायचा. धंद्याच्या बोलीत त्याला 'पातेलं काढणं' म्हणत, कारण त्या वर्तुळात जे पडेल त्यावर संध्याकाळी घरचं पातेलं चढायचं. गर्दी जमली की खेळ सुरू, रंगात आला की थांबवायचा आणि पैसे मागायचे. आणि पैशाचं नाव निघालं की माणूस सटकतो.

या सटकणाऱ्या माणसाला धरून कसं ठेवायचं, या एकाच प्रश्नाची ही सगळी उत्तरं आहेत, असं माझं मत आहे. कथा ऐन मोक्याला तोडणं, विनोदाला तीनदा वळसा घालणं, खुर्चीवर आणखी एक खुर्ची चढवणं, सगळं त्यातूनच आलंय. यूट्यूबवर दहा मिनिटांचा तुकडा पाहताना हे निसटतं.

शियांगशंगच्या आद्य पुरुषांत ज्याचं नाव घेतात तो झू शाओवन १९व्या शतकात तियानछियाओला बसायचा. त्याचं रंगनाव छ्युंग-बू-पा, म्हणजे गरिबीला न भिणारा. तो शिकलेला होता. पिशवीतून पांढऱ्या वाळूची चिमूट घेऊन जमिनीवर भलीमोठी अक्षरं काढायचा, काढता काढता गायचा. जाणारा-येणारा 'हा लिहितोय तरी काय' म्हणून थबकायचा. अक्षर पूर्ण झालं की त्याचे तुकडे करून त्यातून कोट्या काढायचा. गर्दी जमवायचं इतकं स्वस्त साधन दुसरं नसेल. बीजिंगमध्ये अजून एक म्हण आहे: तियानछियाओचा पैलवान, तोंडच चालतं, हात चालत नाहीत. तो पैलवान बडबडत राहायचा याला कारण होतं. डाव एकदा दाखवून टाकला की तो विकायला बसलेला असायचा ती मलमाची डबी कोण घेणार?

आता खेळाकडे. बहुतेक शियांगशंग दोघांचं असतं. एकाला दौगन म्हणतात, तो गोष्ट पुढे नेतो, थापा मारतो, फुशारकी करतो. दुसरा पंगगन, तो टेबलामागे उभा असतो आणि 'अं', 'हो का', 'हे काय भलतंच' असं म्हणत असतो. नवखा प्रेक्षक दौगनकडे बघतो. तुम्ही पंगगनकडे बघा. धंद्यात म्हणतात की खेळाच्या दहा भागांपैकी तीन दौगनचे आणि सात पंगगनचे. अतिशयोक्ती आहे, पण उगाच नाही. प्रेक्षकांच्या वतीने शंका घेणारा, भाबडेपणाने फसणारा आणि शेवटी वैतागून 'चल, जा तिकडे!' म्हणणारा तोच. बरेच खेळ याच वाक्यावर संपतात.

मला गुरुजींनी पहिले काही महिने नुसते होकार शिकवले. 'अं' अर्धी मात्रा लवकर आला तर पिकणारा हशा मधेच कापला जातो. उशिरा आला तर दौगनचं पुढचं वाक्य लंगडतं. खाली सूर लावून म्हटलेला 'अं' म्हणजे 'पुढे बोल', वर चढवलेला म्हणजे 'तुझ्यावर विश्वास नाही', आणि लांबवलेला म्हणजे 'लोकहो, हा आता अडकणार'. हे पुस्तकातून येत नाही, शेजारी उभं राहूनच येतं. म्हणून तर या धंद्यात अजून रीतसर गुरू करावा लागतो, आणि तो सोहळा आणखी तीन ज्येष्ठांच्या साक्षीने होतो: एक ओळख करून देणारा, एक हमी घेणारा, एक गुरूच्या जागी शिकवणारा. तुमची पिढी कोणती यावरून कोणाला काका म्हणायचं ते ठरतं, वय काहीही असो.

विनोदाच्या बांधणीला बाओफू म्हणतात, म्हणजे गाठोडं. आधी लोकांच्या देखत ते बांधायचं, मग एकदम झटकून उघडायचं. जुना नियम असा की तीनदा उलटवा, चौथ्यांदा झटका. तियानजिनचे मा सानली (१९१४–२००३) यांचा एकट्याने करायचा एक छोटा खेळ यासाठी मी वर्गात नेहमी वापरतो. आई घरात कामात आहे, लहानग्याला दारात बसवलंय, दोरीवरच्या कपड्यांवर लक्ष ठेव म्हणून. चोर येतो. पोराशी गोडगोड बोलतो, आपलं नाव सांगतो: 'गंमत केली'. पोराकडून दोन-तीनदा घोकून घेतो. मग विजार काढतो. पोरगं ओरडतं, "आई, विजार नेली!" "कोणी?" "गंमत केली!" "गप बस, नीट लक्ष दे." सदरा जातो, पुन्हा तेच. चादर जाते, पुन्हा तेच. शेवटी आई बाहेर येते, दोरी मोकळी. "कपडे कुठे गेले?" "नेले." "कोणी नेले?" "गंमत केली!"

प्रत्येक फेरीत प्रेक्षकाला पुढचं कळलेलं असतं, तरी तो जात नाही. हा खेळ ऐकाच. मा सानली अतिशय सावकाश बोलतात, रोडावलेला, वाकलेला म्हातारा, शेजारी गप्पा मारतोय असं वाटतं. एचएसके चार पुरेल.

याच्या उलट टोक म्हणजे ग्वानखौ, एका दमात घडाघडा म्हणायचा लांबलचक पाठ. सगळ्यात प्रसिद्ध पाठ म्हणजे पदार्थांची यादी: वाफवलेलं कोकरू, वाफवलेला अस्वलाचा पंजा, वाफवलेली हरणाची शेपटी, भाजलेलं बदक, भाजलेलं कोंबडीचं पिल्लू, भाजलेलं हंसाचं पिल्लू... अशी शंभराच्या वर नावं. इथे विनोद फारसा नाहीच. लोक टाळ्या देतात त्या श्वासाला. चांगला कलाकार श्वास कुठे घेतो ते दिसत नाही, आणि वेग वाढला तरी प्रत्येक पदार्थ वेगळा ऐकू येतो. शिकाऊ पोरांची जीभ यावर घासून निघते. सरावाला हे घ्या, उच्चार सुधारायला यासारखं दुसरं काही नाही.

जुने खेळ कळायला थोडी पार्श्वभूमी लागते, हेही खरं. होउ बाओलिन (१९१७–१९९३) यांच्या गाजलेल्या एका खेळात ग्वान यू आणि छिन छ्युंग या दोन वीरांची लढाई रंगमंचावर लावायचा हट्ट होतो. ग्वान यू तीन राज्यांच्या काळातला, छिन छ्युंग थांग राजवटीच्या सुरुवातीचा. मध्ये चारशे वर्षं गेलेली. हट्ट धरणारा म्हणजे शानतोंग प्रांताच्या लष्करी सत्ताधीशाचा बाप. त्याचा वाढदिवस, त्याचं आवार, त्याचे बंदूकधारी. शेवटी मंचावरचे दोघे वीर गाऊ लागतात: लढ म्हणतात तर लढ, नाही लढलास तर जेवण मिळणार नाही. आपल्याला हे दोघे कोण ते माहीत नसेल तर हसू येणार कुठून? चिनी पोराला ते आजीच्या मांडीवर कळलेलं असतं.

होउ बाओलिन यांनी दुसरंही एक मोठं काम केलं. जुनं शियांगशंग बरंच अश्लील होतं, आई-बहिणीवरून चालायचं. तियानछियाओला बाईमाणूस गर्दीत दिसली की कलाकारच तिला 'हे तुमच्या ऐकण्यासारखं नाही' म्हणून वाटेला लावायचे. १९५० साली बीजिंगमध्ये शियांगशंग सुधारणा गट निघाला, कादंबरीकार लाओ श यांनी त्यांना हात दिला. शिव्या गेल्या, आंधळ्या-पांगळ्यांची थट्टा गेली. काही खेळ वाचले, काही कायमचे गेले. पुढे सांस्कृतिक क्रांतीत सगळंच बंद पडलं. मा सानली तर त्याआधीच 'उजवे', म्हणजे पक्षविरोधी, ठरवले गेले होते. क्रांती संपल्यावर जियांग खुन यांनी फोटो स्टुडिओत शिरतानाही घोषणा द्याव्या लागण्यावर खेळ केला, तेव्हा लोक रडेपर्यंत हसले, कारण ते सगळ्यांनी भोगलं होतं.

१९८३ पासून दूरदर्शनवर वसंतोत्सवाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला आणि शियांगशंग घराघरात पोचलं. माझ्या मते तिथेच त्याला उतरती कळा लागली. दहा मिनिटं, मंजूर झालेली संहिता, कॅमेरा. समोरचा माणूस कंटाळलाय हे कलाकाराला दिसणंच बंद झालं, मग त्याला धरून ठेवायची कसरत तरी कशाला? ते परत आणलं तियानजिनच्या गुओ दगांगने. १९९५ मध्ये त्याने बीजिंगच्या छोट्या थिएटरांत प्रयोग सुरू केले, तीच पुढे दयुनश ही संस्था झाली. एकदा थिएटरात एकच प्रेक्षक होता तरी खेळ पुरा केला, ही गोष्ट तिकडे सगळ्यांना पाठ आहे. २००५ च्या सुमारास तो एकदम गाजला. त्याचा पंगगन यू छियान हा निरखण्यासारखा माणूस आहे. धूम्रपान, दारू आणि केस कुरळे करणं या त्याच्या तीन 'छंदां'वरून वर्षानुवर्षं त्याची टिंगल होते, आणि तो निर्विकार चेहऱ्याने ऐकत बसतो. गुओला लोक उथळ म्हणतात, कधीकधी तो असतोही. पण प्रेक्षकाला सटकू न देण्याचं जुनं कसब आज त्याच्याइतकं क्वचितच कोणाकडे असेल.

कथाकथनाबद्दल. उत्तरेत त्याला पिंगशू म्हणतात. एक माणूस, एक टेबल, एक पंखा आणि शिंगमू नावाचा लाकडाचा छोटा ठोकळा, टेबलावर आपटायचा. मिटलेला पंखा भाला होतो, तलवार होते, घोड्याचा चाबूक होतो, उघडला की पत्र होतो. नवं पात्र आलं की त्याचा पेहराव, चेहरा, शस्त्र यांचं ठरलेलं वर्णन लयीत येतं. आणि भाग संपतो तो नेहमी तलवार मानेच्या वीतभर वर असताना: पुढे काय झालं ते पुढच्या भागात ऐका. या अडकवणुकीला खौझ म्हणतात. चहाच्या दुकानात मधे मधे पैसे गोळा व्हायचे, त्याचा हा हिशेब. १९७९ मध्ये लियू लानफांग यांची युए फेई या सेनापतीची कथा रेडिओवर लागली आणि शंभराहून जास्त केंद्रांनी ती घेतली. शान तियानफांग (१९३४–२०१८) यांच्या घोगऱ्या आवाजाबद्दल तर म्हणच झाली, जिथे विहिरीचं पाणी तिथे शान तियानफांग. बीजिंगच्या जुन्या टॅक्सीवाल्याशी त्यांचं नाव काढून बघा, भाडं विसरून बोलेल.

या कलेचा कस कशात असतो, याचं सगळ्यात चांगलं वर्णन मिंग राजवटीच्या अखेरचं आहे. लियू जिंगथिंग नावाचा कथेकरी, तोंडावर देवीचे व्रण, दिसायला कुरूप. दिवसाला एकच कथा सांगायचा आणि दहा दिवस आधी बोलावणं धाडावं लागायचं. 'शुइहू' या जुन्या कादंबरीतला वीर वू सुंग दारू प्यायला गुत्त्यात शिरतो, आत कोणी नाही, हा प्रसंग सांगताना तो अशी आरोळी ठोकायचा की गुत्त्यातले रिकामे रांजण घुमायला लागले असं ऐकणाऱ्याला वाटायचं. मूळ कादंबरीत हे रांजण घुमणं नाही, ते त्याने आणलं. श्रोते कुजबुजले किंवा कोणी जांभई दिली की तो तिथेच थांबायचा.

इथे आपला एक खरा धागा आहे. गद्य आणि पद्य आलटून पालटून येणारी ही चिनी कथनाची रीत थांग काळातल्या बौद्ध भिक्खूंच्या लोकांसाठीच्या प्रवचनांशी जोडली जाते. दुनह्वांगच्या गुहेत १९०० साली सापडलेल्या हस्तलिखितांत अशा कथा मिळाल्या. काही चित्र दाखवत सांगायच्या होत्या. भारतातून तिकडे गेलेल्या चित्रकथनाच्या परंपरेचा माग काढताना अभ्यासक आपल्या चित्रकथींपर्यंत, म्हणजे कुडाळजवळच्या पिंगुळीपर्यंत, येऊन पोचतात.

दक्षिणेकडे सूझौचं पिंगतान आहे, पिपा हे चार तारांचं वाद्य आणि तीन तारांचं सानशियान घेऊन बसून गायलं-सांगितलं जातं. फार सुंदर, पण सूझौच्या बोलीत. तुमची एचएसके तिथे काही कामाची नाही. गाणं म्हणून ऐका. ढोलावरची गाणी ऐकायची तर तियानजिनच्या लुओ युशंग (१९१४–२००२) यांचं जिंगयुन दागू ऐका. बांबूच्या चिपळ्यांवरचं क्वायबान मला स्वतःला पाच मिनिटांत पुरे होतं, पण ती माझी आवड.

कसरती. याबाबतीत बहुतेक पर्यटक बीजिंगच्या एखाद्या मोठ्या थिएटरात तासाभराचा झगमगाट बघून येतात. वाईट नसतो. पण जमलं तर वूछियाओला जा. हपेई प्रांतातला हा तालुका, जमीन खारपड, पूर नेहमीचे. शेतीचं काम उरकलं की गावंच्या गावं खेळ करायला बाहेर पडायची. म्हणून चिनी कसरतींचं सामान बघा: वाडगे, बशा, रांजण, खुर्च्या, शिड्या, बाक, गवती टोप्या. घरात जे होतं तेच उचलून नेलं. 'नव्व्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्यापासून नुकतं चालायला लागलेल्या पोरापर्यंत वूछियाओत प्रत्येकाला काहीतरी येतं' अशी तिकडची म्हण आहे. कला मात्र त्याहून कितीतरी जुनी. जिनान शहराजवळ १९६९ मध्ये पश्चिम हान काळातलं, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं, एक थडगं सापडलं, त्यात एका मातीच्या तबकावर हातांवर उभे राहणारे, मागे वाकणारे कसरतपटू आहेत, बाजूला वाजवणारे आहेत आणि कडेला उभे बघेही आहेत!

शिक्षण चार गोष्टींचं: कंबर, पाय, हातांवर उभं राहणं आणि कोलांट्या. यात हातांवर उभं राहणं हा पाया. सहा-सात वर्षांची पोरं भिंतीला टाच लावून उलटी उभी करतात आणि मिनिटं वाढवत नेतात. रड येते, ती येऊ देतात. यात गोड असं काही नाही, आणि आता एकुलतं एक लेकरू या कामाला घालायला आईबाप सहजी तयार होत नाहीत, यात नवलही नाही. मंचावर बाटल्यांवर ठेवलेल्या खुर्च्यांचा मनोरा चढताना बघाल, तेव्हा वर पोचल्यावरच्या मुद्रेपेक्षा प्रत्येक नवी खुर्ची लावण्याआधीचा थांबा बघा. तिथे कलाकार लोकांना श्वास रोखायला वेळ देतो. वाडगा पहिल्यांदा हुकतो तोही बऱ्याचदा मुद्दामच हुकवलेला असतो.

वूछियाओला १९९३ मध्ये कसरतींचं एक मोठं संकुल उघडलं. तिथे मुख्य प्रयोगापेक्षा मला जुन्या जत्रेसारखा केलेला चौक आवडतो: म्हातारे खेळवाले बाकावर बसून वाट्या आणि गोळ्यांची हातचलाखी करतात, तुमच्यापासून हातभर अंतरावर. तोंडाचा पट्टा अखंड चालू. बीजिंगहून वेगवान गाडीने शेजारच्या दजौपर्यंत सव्वा-दीड तास, पुढे टॅक्सी. वूछियाओच्या नावाचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९८७ पासून भरतो, पण तो प्रामुख्याने प्रांताच्या राजधानीत, शिजियाज्वांगला. नावावर जाऊन चुकीच्या गावी उतरू नका.

तियानजिनला किमान दोन संध्याकाळी ठेवा. कलाकारांत म्हणतात, बीजिंगला शिकावं, तियानजिनला नाव करावं, शांघायला पैसा करावा. तियानजिनचं गिऱ्हाईक सगळ्यात कडक. चहाच्या दुकानांतले छोटे प्रयोग बघा, नावाजलेलं कोणी नसलं तरी चालेल. खेळ जुना, लोक सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेले, वाक्य पडलं की खालून तिरकस दाद येते आणि वरून तिला उत्तर जातं. दयुनशची तिकिटं मिळाली तर उत्तम, नाही मिळाली म्हणून जीव टाकू नका.

ऐकायचा क्रम: आधी मा सानलींचे छोटे एकट्याचे खेळ. मग होउ बाओलिन, त्यांचा उच्चार पुस्तकासारखा स्वच्छ आहे. पिंगशूसाठी युआन क्वोछंग यांची तीन राज्यांची कथा घ्या, ३६५ भाग आहेत. गोष्ट आधी भाषांतरात वाचून ठेवली की रोज झोपताना एक भाग सहज जातो. गुओ दगांग शेवटी, कारण तो बोलीतले शब्द, ऑपेरातल्या ओळी आणि कालची बातमी एकाच वाक्यात कोंबतो. आणि कुठेही जा, पहिल्या रांगेचं तिकीट काढू नका. परदेशी चेहरा दिसला की दौगन तुम्हाला खेळात ओढणार, आणि सगळं थिएटर तुमच्या उत्तराची वाट बघत असताना एचएसके चार काही पुरत नाही.